गळ्यात माळ आहे, दारूही सुटली. तरी सोंग घेतल्यासारखं का वाटतं?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला. मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. वय ४१. बारा वर्षं प्यालो. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो, आल्यावर माळ घातली. आता १४ महिने झाले, थेंब घेतलेला नाही. यंदा गावच्या सप्ताहात माझा सत्कार झाला. पण सावकाराचं ६० हजारांचं देणं बायकोपासून लपवलंय. पीत होतो तेव्हा काही शेतकऱ्यांच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदात, हमाली-तोलाई दहा-वीस रुपयांनी जास्त लावली आणि ते पैसे खिशात घातले, तेही कुणाला माहीत नाही. अजूनही साध्या साध्या गोष्टीत तोंडातून खोटंच निघतं. सगळे म्हणतात, सुधारला. मला वाटतं, मी सोंग घेतलंय. खरं जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ताई?

उत्तर : दादा, तुम्ही देण्याचा आकडा लिहिलाय, तिथेच मी थांबले. व्यसनमुक्तीच्या कामात मला २२ वर्षं झाली. नुकती बाटली सोडलेला माणूस आकडा सांगत नाही. "थोडंफार देणं आहे", "होईल काहीतरी" असं बोलतो. तुम्ही ६० हजार लिहिलंत, आणि पट्टीतल्या दहा-वीस रुपयांचंही लिहिलंत, जे कुणीच तुम्हाला विचारलं नव्हतं. सोंग घेणारा माणूस हे करत नाही. तुम्हाला जे टोचतंय ते चांगलं लक्षण आहे, हे आधी सांगते, कारण अशा टोचणीलाच घाबरून १४ महिन्यांनी परत गुत्त्याकडे वळलेले लोक मी पाहिलेत.

आता मूळ गोष्ट. दारू शरीरातून जायला दिवस लागतात. खोटं जायला वर्षं लागतात. हे दोन वेगळे आजार नाहीत, पण दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. बारा वर्षं रोज प्यायचं म्हणजे बारा वर्षं रोज खोटं बोलावं लागतं. कुठं होतो, पैसे कशात गेले, उशीर का झाला, तोंडाला कसला वास येतोय. दिवसाला दहा वेळा. मग ते जिभेला इतकं वळण पडतं की गरज संपली तरी जीभ त्याच वाटेनं जाते. बायको विचारते, "कुठं निघालाव?" तुम्ही चहाला निघालेले असता आणि तोंडातून निघतं, "स्टँडवर जाऊन येतो." फायदा काहीच नसतो. यात तुमचा स्वभाव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ही सवय आहे, आणि सवय मोडण्याची रीत असते.

रीत सांगण्याआधी माळेचं बोलू, कारण तुमच्या पत्रात माळच सगळ्यात जड झालीय असं मला वाटलं.

मी माळेच्या विरोधात नाही. आपल्या मराठवाड्यात माळेनं जितक्या जणांची दारू सोडवली तितकी डॉक्टरांनी सोडवली नसेल. एम्सनं केलेली एक राष्ट्रीय पाहणी २०१९ साली जाहीर झाली. तिच्यात दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलीतरी मदत मिळते. बाकीच्या ३७ जणांकडे काय असतं? आपल्याकडे तरी माळ असते, देवाची आण असते, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ असते. माळकऱ्यांच्या संगतीत संध्याकाळचे दोन तास भजनात जातात, आणि पिणाऱ्याला संध्याकाळचेच दोन तास सगळ्यात अवघड असतात. त्यामुळे माळ घातलीत ते उत्तम केलंत.

पण माळेचा एक धोका मी डोळ्यांनी पाहिलाय. परळीकडचे एक गृहस्थ, दोन वर्षं न पिता राहिलेले, एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसले. डोळे सुजलेले, अंगाला वास. त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला आणि उलगडला. आत माळ होती, नीट गुंडाळून ठेवलेली. म्हणाले, "ताई, पिताना गळ्यात नव्हती बघा." मी त्यावर काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, प्यावंसं पहिल्यांदा कधी वाटलं? ते बराच वेळ बोटं मोजत राहिले. अकरा दिवस आधी. अकरा दिवस त्यांना ओढ लागली होती, झोप नव्हती, गुत्त्यासमोरून गाडी दोनदा फिरवून आणली होती, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. का? तर त्या आठवड्यात भजनात पखवाजावर तेच होते. माळकऱ्याला प्यावंसं वाटतं हे सांगायचं कुणाला?

त्यांचा पाय घसरला तो बाटली उघडली त्या रात्री नव्हे. पहिल्या दिवशी भजनातल्या सोबत्यानं विचारलं, "काय, बरं ना?" आणि ते "एकदम" म्हणाले, तेव्हाच घसरला. आमच्या कामात हे इतक्या वेळा दिसतं की घसरलेल्या माणसाला मी आता "किती प्यालात" हे नंतर विचारते. आधी विचारते, "खोटं कधीपासून सुरू होतं?"

म्हणून पहिलं काम हे. माळ गळ्यात राहू द्या, पण असा एक माणूस शोधा ज्याच्यासमोर तुम्ही माळकरी नाही. ज्याला रात्री नऊ वाजता फोन करून म्हणता येईल, "आज प्यावंसं वाटतंय." तो बायकोनं शोधून दिलेला नको, गावातला पुढारी नको, कीर्तनकार नको. जमलं तर स्वतः दारू सोडलेला असावा. जिल्ह्याच्या ठिकाणी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या संघटनेच्या, सभा होतात, तिथे असा माणूस मिळतो. तिथे आडनाव विचारत नाहीत, गावात बोभाटा होत नाही. आणि पुढच्या सप्ताहात सत्काराला बोलावलं तर हात जोडून नाही म्हणा. सत्कार करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण चौदा महिन्यांच्या माणसाला व्यासपीठावर उभं केलं की त्याला दुसऱ्या दिवसापासून ते चित्र सांभाळत बसावं लागतं.

आता रीत. तुम्ही मुनीम आहात, तेव्हा ही तुम्हाला कुणाहीपेक्षा लवकर कळेल. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एएची सुरुवात झाली ती दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून. एक शेअर बाजारातला, दुसरा शल्यविशारद. पुढे त्यांच्या बारा पायऱ्या तयार झाल्या. त्यातली चौथी स्वतःची न घाबरता झडती घेण्याची, आणि तिच्यासाठी त्यांनी उपमाही दुकानदारीचीच घेतली, मालाच्या मोजदादीची. दुकानात काय आहे, काय सडलंय, काय विकण्याजोगं नाही, हे न मोजता धंदा चालवला तर दिवाळं निघतं. तुम्ही रोज संध्याकाळी रोजकीर्द लिहिता. रोकड मोजता. दहा रुपये कमी भरले तर घरी जात नाही, चूक सापडेपर्यंत बसता. तसंच एक साधं वहीचं पान रोज स्वतःसाठी लिहा. आज कुठे खोटं निघालं. आज प्यावंसं वाटलं का, किती वाजता, तेव्हा पोटात अन्न होतं का, कुणावर राग होता का. चार ओळी पुरे. उपदेश लिहू नका, ठराव लिहू नका, फक्त नोंद.

आणि निघालेलं खोटं त्याच दिवशी दुरुस्त करायचं. "मघाशी स्टँडवर म्हणालो, पण चहाला गेलो होतो." बस, इतकंच. माफी नको, कारण नको. पहिले काही दिवस फार लाज वाटेल. बायको म्हणेल, "त्यात काय एवढं?" वाटू द्या. ही लाजच जिभेला नवीन वळण लावते. महिना-दोन महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की खोटं तोंडाशी आलं की आधीच अडखळायला होतंय.

याहून अवघड भाग पुढे आहे. दारू सुटल्यावर वर्षा-दीड वर्षानं माणसाला आतून काहीतरी वर येताना जाणवतं. "मी कोण हेच कळेना", "सोंग वाटतंय" ही वाक्यं तेव्हाच ऐकू येतात. आपल्या भागातल्या पुरुषांकडे मनासाठी दोनच शब्द असतात, "डोकं फिरलं" आणि "काही नाही". बाकीचं सगळं दारूत बुडवलेलं असतं.

औसा तालुक्यातल्या एका माणसाचं सांगते. तो कधीच घरात झोपायचा नाही. पावसाळ्यातही ओसरीच्या कडेला, पाय अंगणात. घरचे म्हणायचे, पेताडाची सवय आहे. दारू सुटून दीड वर्ष झालं तरी तो बाहेरच. सप्टेंबर आला की चिडचिड वाढायची, मुलांवर हात उचलायचा. एकदा मी नुसतं विचारलं, छताखाली काय होतं? तो म्हणाला, "काही नाही." मग थोड्या वेळानं म्हणाला, "माती पडते." ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपलेलं. किल्लारी भागातली घरं दगडी भिंतींची, वर मातीची जाड माळवदं. तो अकरा वर्षांचा होता. त्याला ओढून बाहेर काढलं, धाकट्या बहिणीला काढता आलं नाही. तिचा हात दिसत होता, विसर्जनासाठी भरलेल्या हिरव्या बांगड्यांसकट. हे त्यानं त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पुढे सोळाव्या वर्षी दारू सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं, संगत वाईट.

तो त्या दिवशी लगेच बरा झाला असं नाही. उलट पुढचे दोन-तीन महिने त्याला फार वाईट गेले, झोप उडाली, आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषधं सुरू झाली. पण मुलांवर हात उचलणं थांबलं. आता तो दारापाशी झोपतो, घराच्या आत, दार उघडं ठेवून.

तुमच्या बाबतीत एवढं मोठं काही असेलच असं नाही. पण वहीत दोन-तीन महिने "राग आला" असं एकाच वेळी, एकाच माणसासमोर येत असेल तर तिथे थांबून बघा. आणि झोप सतत उडत असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल तर ती वहीची गोष्ट राहत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जा. अंबाजोगाईला, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे. व्यसनाबद्दलची हेल्पलाइन १४४४६. दारूमुळे होणारे मनाचे आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारांतच धरलेले आहेत, त्यामुळे तुम्ही डॉक्टरला सांगितलेलं गुप्त ठेवणं हे त्याच्यावर बंधन आहे.

तुमच्यासारख्याच घरात दारू अजून चालू असेल आणि कुणी हे वाचत असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, मग पहिल्या दोन दिवसांत झटके, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. त्यात माणूस दगावतोही. हे दवाखान्यात, गोळ्यांवर आणि बी-वन जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर करायचं काम आहे.

दुसरी गोष्ट त्या पुड्यांची. "नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर सगळ्यांनी वाचल्यात. एक बाई मला आठवते, नवऱ्याला बेशुद्धावस्थेत जीपमधून आणलं होतं. तोंड लालभडक, उलट्या, रक्तदाब लागेना. कुणीतरी विचारलं, काही दिलं का? तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि वर्तमानपत्रात बांधलेली पुडी पुढे केली. आठ दिवस ती पिठल्यात मिसळून देत होती. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे, डॉक्टरही देतात, पण माणसाला सांगून, तपासण्या करून आणि त्याच्या सहीनं. ते पोटात असताना दारू घेतली की शरीरात विषारी द्रव्य साठतं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तो माणूस वाचला. पण नंतर वर्षभर तो घरचं पिठलं खात नव्हता. बायकोचा हेतू जीव वाचवण्याचाच होता आणि तरी त्या घरात एका खोट्यावर दुसरं खोटं चढलं. हे मी तिला दोष द्यायला सांगत नाही. तिला कुणी दुसरा मार्ग दाखवलाच नव्हता.

आता तुमच्या ६० हजारांकडे येऊ. बायकोला सांगायचंच, आणि याच महिन्यात. आपल्याकडे सावकारी शेकड्यानं चालते. शेकडा पाच असेल तर ६० हजारांवर महिन्याला ३ हजार, वर्षाला ३६ हजार. म्हणजे तुम्ही लपवताय ती जुनी चूक नाही, ती रोज वाढतेय आणि बायकोच्या संसारातून वाढतेय. सांगण्याआधी कागद करा. कुणाकडून, कधी, किती घेतले, दर काय, आजवर किती दिले, बाकी किती. सांगायची वेळ निवडा. रात्री जेवताना नको, सणाला नको, सासू समोर असताना नको. दुपारी, मुलं शाळेत असताना. कागद तिच्या हातात द्या आणि तिला वाचू द्या.

ती चिडेल. रडेल. कदाचित म्हणेल, "म्हणजे अजून काय काय लपवलंय?" तेव्हा "मी १४ महिने प्यालो नाही, ते दिसत नाही का?" हे वाक्य कृपा करून काढू नका. तुमच्या चौदा महिन्यांसमोर तिची बारा वर्षं आहेत. ती अजून तुम्ही घरात आलात की जवळून जाते, वास घेते, सदऱ्याचे खिसे चाचपते, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला माहीत आहे. तिला चाचपू द्या. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट चालवला तो याचसाठी, की त्यांचंही काहीतरी आजारी पडलेलं असतं आणि ते नवऱ्याच्या बऱ्या होण्यानं आपोआप बरं होत नाही. तुमच्या समुपदेशकाकडे तिला एकटीला एकदा भेटायला सांगा, तिची इच्छा असेल तर.

आणि ती मणीमंगळसूत्र काढून पुढे ठेवेल, ठेवतातच. घेऊ नका. देणं तुमच्या पगारातून हप्त्यानं जाईल. पगार १ तारखेला तिच्या हातात द्यायचा आणि हप्ता दोघांनी मिळून नेऊन द्यायचा, पावती मागायची. सावकाराकडे परवाना नसेल आणि तो धमकावत असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार घेतात.

पट्टीतल्या पैशांचं मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. यावर माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांचं एकमत होणार नाही. काही जण म्हणतील, गेलं ते गेलं, तेवढे पैसे देवळात टाका. मला ते पटत नाही. ते पैसे देवाचे नव्हते. ज्या शेतकऱ्याचं सोयाबीन तोललं त्याचे होते, आणि पट्टीबुकाची दुसरी प्रत दुकानात आहे, म्हणजे नावं आहेत. पण ते मालकाला कळल्याशिवाय परत करता येणार नाहीत, आणि मालकाला सांगितलं तर नोकरी जाऊ शकते. एएच्या नवव्या पायरीत भरपाई करायला सांगताना एक अट आहे : त्यानं कुणाला इजा होणार असेल तर थांबा. तुमची इजा या अटीत बसत नाही, पण मुलांचं जेवण बसतं. म्हणून आधी सावकाराचा हप्ता रुळावर येऊ द्या. दरम्यान जुन्या पट्ट्यांवरून बेरीज काढा, महिन्याला दोन-तीनशे बाजूला टाका. रक्कम हातात आली की बायकोला सांगून, मग मालकासमोर यादी आणि पैसे एकदम ठेवा. वर्ष लागेल. लागू द्या. तोवर ती गोष्ट तुमच्या त्या एका माणसाला माहीत असली पाहिजे.

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आहे. मोंढ्यात रात्री नऊ-नऊपर्यंत काटा चालेल, हमालांच्या हातात पैसा येईल, कुणीतरी चपटी पुढे करेल, तुम्ही उपाशी असाल आणि दमलेले असाल. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांत ओढ सगळ्यात जास्त लागते. डबा दोन वेळचा न्या. शेवटचा काटा झाला की हिशेब दुकानात बसून करा, मागच्या गोदामात नको.

बायकोला सांगायचं काम हंगामाच्या आधीच उरका. आणि ती ऐकून माहेरी निघून गेलीच, तर तिला अडवू नका, चार वेळा फोन करू नका. त्या रात्री एकटे झोपू नका. भावाला बोलवा किंवा त्या माणसाला फोन करून त्याच्याकडे जा. जेवा. वहीत चार ओळी लिहा. सकाळी नेहमीच्या वेळेला दुकान उघडा.